पाच अष्टमांश माणूस

जून १९५२ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलने आपल्या एका विणखात्यात स्वयंचलित माग बसवले. जुन्या मागावर धोट्यातल्या कांडीचे सूत संपले की विणकर माग थांबवायचा, धोटा उचलायचा, रिकामी कांडी काढून भरलेली घालायचा आणि माग पुन्हा चालू करायचा. नव्या मागाला यातले काही सांगावे लागत नव्हते. भरलेल्या कांड्या एका गोल बॅटरीत आधीच रचून ठेवलेल्या असत. धोट्यातले सूत संपत आले की एक चाचपणारी पट्टी ते ओळखे, आणि माग न थांबता रिकामी कांडी खाली पडून भरलेली तिच्या जागी बसे. उभा धागा तुटला तर माग आपला आपण थांबे.

यंत्राने विणकराच्या हातातले इतके काम काढून घेतल्यावर कापड भराभर निघायला हवे होते. ते निघेना. खराब मालही नको तितका निघत राहिला.

असे झाले की कारणे तयारच असतात. कामगाराला सवय नाही, कामगाराला गरज वाटत नाही, मनोवृत्तीच तशी, काम करण्याची संस्कृतीच नाही. हे शेवटचे वाक्य आजही कुठल्याही कचेरीत दुपारच्या चहाबरोबर ऐकू येते. कॅलिकोचे प्रमुख गौतम साराभाई यांनी त्याऐवजी लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटमधून ए. के. राइस नावाच्या माणसाला बोलावले. राइस कापडतज्ज्ञ नव्हते, माणसे एकत्र काम कशी करतात याचा अभ्यास करणारे होते. कामगारांशी बोलायला त्यांना दुभाषा लागे. तरीही त्यांनी काढलेले उत्तर सत्तर वर्षांनंतर वाचताना अंगावर काटा येतो, कारण ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते आणि कोणालाच दिसले नव्हते.

आधी आकडे पाहू. एका पाळीत २२४ माग आणि २९ माणसे. या २९ जणांची कामे मात्र बारा प्रकारची. तुटलेले धागे जोडून माग चालता ठेवणारे विणकर ८. बॅटरीत कांड्या भरणारे ५. एकदम झुबकाभर धागे तुटले तर ते सांधणारे ३. उभ्या धाग्यांचा नवा बीम मागावर चढवणारे २, विणलेले कापड उचलून नेणारे २, मागांची देखभाल पाहणारे जॉबर २, त्यांचे मदतनीस २. मग कांड्या वाहणारा एक, चाचपणाऱ्या पट्ट्यांचा फिटर एक, तेलवाला एक, झाडूवाला एक आणि खात्यातल्या हवेचा दमटपणा सांभाळणारा फिटर एक.

कागदावर हे फार शास्त्रशुद्ध दिसते. प्रत्येक कामाला किती सेकंद लागतात हे मोजून, त्याला मागांच्या संख्येने गुणून माणसे ठरवली होती. कोणी रिकामे बसणार नाही, कोणावर जादा भार पडणार नाही. तंत्रज्ञांच्या हिशेबात कुठेही चूक नव्हती.

आता एका विणकराच्या जागी उभे राहून पाहा. त्याच्याकडे सरासरी २८ माग. कांड्या भरणारे पाच आणि विणकर आठ, म्हणजे याच्या वाट्याला कांड्या भरणारा पाच अष्टमांश माणूस. धागे सांधणारा तीन अष्टमांश. जॉबर पाव. झाडूवाला एक अष्टमांश. विणकराचे कापड चांगले निघणे या सगळ्या अपूर्णांकांवर अवलंबून, पण यातला पूर्ण असा एकही माणूस त्याचा नाही. कांड्या भरणाऱ्याकडे चाळीस-पन्नास माग, म्हणजे तो एका विणकराचा सगळा पट्टा आणि दुसऱ्याचा अर्धामुर्धा सांभाळतो. सांधणाऱ्याच्या हद्दी आणखी वेगळ्या. कोणाचीही हद्द दुसऱ्याच्या हद्दीशी जुळत नाही. दोन विणकरांचे माग एकाच वेळी बिघडले तर सांधणाऱ्याने आधी कोणाकडे जायचे? हे ठरवणारा कोणी नव्हता. मग ठरायचे ते ओरडण्याने, ओळखीने, रागालोभाने.

त्यात कापडाचा सॉर्ट, म्हणजे प्रकार, बदलला की सगळे गणितच हलायचे. बारीक सूत लावले तर धागे जास्त तुटतात आणि विणकराचा जीव मेटाकुटीला येतो. पण बारीक सूत कांडीवर लांबीने जास्त मावते, कांड्या उशिरा संपतात, म्हणजे भरणाऱ्याचे काम कमी होते. जाड सूत आले की उलटे. बारा कामांचा भार बारा दिशांनी वर-खाली होत राही आणि माणसांची संख्या मात्र कागदावर ठरलेली तेवढीच. एक जण घामाघूम, शेजारचा निवांत, आणि निवांत असलेल्याने मदतीला जाण्याचे काही कारण नाही, कारण ते त्याचे काम नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे कसे दिसेल? आळस. बेपर्वाई. संस्कृतीचा अभाव.

राइस यांना दिसले ते असे: माग हे एक सलग यंत्र होते, त्याच्याभोवतीची माणसे मात्र एकमेकांपासून सुटी करून ठेवली होती. यंत्र बदलताना कोणी मुद्दाम तसे केले नव्हते. प्रत्येक काम वेगळे काढून मोजले की तसे आपोआप होते.

याच्या पुढची घटना मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत थक्क करणारी वाटते. राइस यांनी चर्चेत एक कल्पना मांडली: माणसांच्या एका गटाने मागांच्या एका गटाची सगळी जबाबदारी घेतली तर? साधारण सात माणसे आणि ६४ माग. त्या मागांवर जे काही होईल, तुटलेला धागा असो, रिकामी बॅटरी असो किंवा नवा बीम असो, ते या सात जणांचे. गटाचा म्होरक्या गटातलाच. ही अजून नुसती कल्पना होती. व्यवस्थापनाने तिचा अभ्यास करायचा, तज्ज्ञांनी आराखडा काढायचा, मग प्रशिक्षण वगैरे, असा नेहमीचा रस्ता पुढे होता. पण ती सुपरवायझरांच्या आणि कामगारांच्या कानावर गेली आणि दुसऱ्या दिवशी खात्यातली मंडळी आपली योजना घेऊनच हजर झाली. गट कसे करायचे, कोण कोणाबरोबर काम करणार, सगळे त्यांचे ठरले होते. व्यवस्थापनाने ते मान्य केले. हा मार्च १९५३.

एका रात्रीत! ज्यांना ‘बदल नको असतो’ असे आपण गृहीत धरतो त्या माणसांनी. मला वाटते, त्यांना ही कल्पना नवी नव्हतीच. सांधणारा वेळेवर न आल्याने आपले कापड खराब होते, हे रोज आठ तास भोगणाऱ्याला उत्तर आधीपासून माहीत असते. त्याला ते कोणी विचारलेले नसते, एवढेच.

पहिले काही आठवडे चढउतार झाले, मग गाडी रुळावर आली. मागाने पाळीभर एकदाही न थांबता जेवढे विणले असते त्याच्या किती टक्के प्रत्यक्षात विणले, यावर गिरणीत कार्यक्षमता मोजतात. ती आधी सुमारे ८० टक्के होती, ती सुमारे ९५ टक्क्यांवर स्थिरावली. पंधरा टक्के ऐकायला फार वाटत नाहीत. पण दुसऱ्या बाजूने मोजा. २२४ मागांच्या खात्यात ८० टक्के म्हणजे कोणत्याही क्षणी सरासरी ४५ माग उभे. ९५ टक्के म्हणजे फक्त ११ उभे. खराब ठरणाऱ्या कापडाचे प्रमाणही सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आसपास आले. यंत्रे तीच आणि हवाही तीच, अहमदाबादची.

यावर एक टपून बसलेले स्पष्टीकरण आहे, ते आधीच निकालात काढू. आपल्याकडे एकत्र कुटुंब, जातगोत, गावकी. म्हणून भारतीय कामगाराला गट मानवला असणार, असे म्हणायचा मोह होतो. पण राइस अहमदाबादला आले ते डोक्यात इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणी घेऊन. त्यांचे टॅव्हिस्टॉकमधले सहकारी एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफोर्थ यांनी १९५१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला होता. बॅमफोर्थ स्वतः अठरा वर्षे खाणीत कोळसा काढलेला माणूस. जुन्या पद्धतीत दोघे-तिघे खाणकामगार आपल्या छोट्याशा जागी कोळसा फोडण्यापासून छताला टेकू देण्यापर्यंत सगळे स्वतः करत. जोडीदार ज्याचा तो निवडे, कारण छत कोसळले तर बाहेर ओढून काढणारा तोच असे. मग यांत्रिक पद्धत आली. दोनशे यार्डांच्या आसपास लांबीची एकच सलग भिंत, चाळीसेक माणसे, तीन पाळ्या. एका पाळीने कापायचे, दुसरीने पट्टा सरकवायचा, तिसरीने भरायचे. कापणाऱ्यांनी निष्काळजीपणे कापले तर त्याचा त्रास भरणाऱ्यांना, आणि ते एकमेकांना भेटतही नाहीत. भांडणे, गैरहजेरी, दुसऱ्या पाळीवर खापर हे सगळे तिथे आले, आणि ती माणसे तर पिढीजात खाणकामगार, यॉर्कशायरची. पुढे डरहॅम भागातल्या काही खाणींत चाळीसेक जणांच्या अशाच मोठ्या तुकड्यांनी कामे आणि पाळ्या आपसात वाटून घेण्याची पद्धत बसवली, तेव्हा हे दुखणेही ओसरले. तेव्हा गुजरातीपणाचा किंवा इंग्रजपणाचा याच्याशी संबंध फारसा नाही.

मुंबईचा वाचक इथे अस्वस्थ होईल, आणि व्हायलाच हवे. गिरणगावात नव्या व्यवस्थेचा अनुभव वेगळाच होता. विणकराने दोनऐवजी तीन साचे, म्हणजे माग, सांभाळायचे, या आणि अशा योजना १९२८ च्या मोठ्या संपामागच्या कारणांपैकी होत्या. एप्रिल ते ऑक्टोबर, सुमारे दीड लाख कामगार, सहा महिने. तिथेही मालक यंत्राची आणि शास्त्राची भाषा बोलत होते. पण ‘एका माणसामागे किती साचे’ एवढाच प्रश्न विचारला गेला. ‘कोणती माणसे मिळून कोणते साचे’ हा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आले की काही माणसे जादा ठरतात, आणि आपण जादा ठरणार हे ज्याला कळले तो रात्रीतून योजना करून आणत नाही. संपावर जातो.

त्याच संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी आणखी एक प्रश्न लावून धरला होता. विणखात्यात अस्पृश्यांना काम मिळत नसे. कारण असे, की जुन्या धोट्यात नवी कांडी घातल्यावर सुताचे टोक छिद्रातून ओठांनी ओढून घ्यावे लागे, आणि त्याच धोट्याला उद्या दुसऱ्याचे ओठ लागणार. जास्त पगाराचे खाते यामुळे बंद. स्वयंचलित मागाच्या धोट्यात सूत आपोआप ओवले जाते, ओठांचे काम उरत नाही. यंत्राने विटाळाचे निमित्त काढून घेतले. निमित्तच फक्त. पण कामाची जागा कशी रचली आहे यावर कोण कोणाच्या शेजारी उभा राहू शकतो हे ठरते, याचे याहून उघडे उदाहरण मला माहीत नाही.

मग अहमदाबादेत वेगळे का घडले? त्याचे एक कारण त्या शहराच्या इतिहासात आहे. १९१८ मध्ये तिथल्या गिरणी कामगारांनी ३५ टक्के वाढ मागितली, मालक २० टक्क्यांवर अडले. मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई, कामगारांच्या बाजूला गांधीजी आणि अंबालालांची सख्खी बहीण अनसूयाबेन. गांधीजींनी उपोषण केले, प्रकरण लवादाकडे गेले आणि कामगारांना ३५ टक्के मिळाले. १९२० मध्ये मजूर महाजन ही संघटना उभी राहिली. भांडण मिटवायला टेबल असते, याची सवय त्या शहराला पुढच्या तीस वर्षांत लागली. गौतमभाई हे अंबालालांचे चिरंजीव. आत्याने मजुरांची बाजू घेतलेल्या घरात वाढलेल्या मुलाला कामगारांनी आणलेला कागद वाचून पाहावासा वाटला, यात मला नवल वाटत नाही. कमी पगाराच्या भीतीने पछाडलेल्या गिरणीत राइस यांची कल्पना कोणी ऐकूनही घेतली नसती, असे माझे मत आहे.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे, आणि नेतृत्व या विषयावर राइस यांनी जे सांगितले त्याचा गाभा तिथे आहे. गट स्वतःचे काम स्वतः वाटून घेतो, तर वरचा माणूस करतो काय? जॉबर, सुपरवायझर, खात्याचा साहेब, यांची गरज संपली का? राइस म्हणतात, उलट त्यांचे खरे काम आता सुरू होते. ते काम गटाच्या आत नसते, त्याच्या वेशीवर असते. सूत वेळेवर आणि चांगल्या प्रतीचे यावे, सुटे भाग मिळावेत, सॉर्ट वारंवार बदलू नये, कोणी आजारी पडले तर त्याच्या जागी कामाचा माणूस यावा, विक्रीखात्याची घाई थेट मागापर्यंत पोचू नये. हे गटाला स्वतःला जमत नाही, कारण ते गटाच्या बाहेर घडते. वेशीवरचा हा पहारा नीट असेल तर आतले लोक आपसात निभावून नेतात. पहारेकरीच आत येऊन धागे जोडायला लागला, किंवा कोण धागा जोडतो यावर नजर ठेवू लागला, की वेस उघडी पडते.

१९५८ मध्ये राइस यांनी या प्रयोगावर पुस्तक लिहिले. खाणीतला आणि गिरणीतला विचार पुढे नॉर्वेत गेला, स्वीडनमध्ये गेला. व्हॉल्वोने काल्मारला १९७४ मध्ये मोटारींचा कारखाना काढला तोच मुळी गटांनी गाडी जुळवण्यासाठी. आज पुण्याजवळच्या हिंजवडीत सकाळी उभ्याउभ्या सभा घेणारी सॉफ्टवेअरवाली टीम, सात-आठ जणांची, आपले काम आपण वाटून घेणारी, तिच्या नात्यागोत्याचा शोध घेतला तर एक धागा साबरमतीकाठच्या या विणखात्याशी जाऊन भिडतो. अर्थात त्याच हिंजवडीत एक डिझायनर चार टीमना वाटून दिलेला असतो, एक टेस्टर तिघांत, आणि डेटाबेस पाहणारा सगळ्या मजल्यावर एकच. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येकाचे शंभर टक्के भरलेले दिसतात. पाच अष्टमांश माणूस काही गिरणीबरोबर संपला नाही. आता तर काही कामे यंत्राच्या बुद्धीकडे सोपवणे चालू आहे, आणि कोणते काम किती मिनिटांचे, त्यातले यंत्र किती करील, हाच हिशेब पुन्हा मांडला जातो आहे. उरलेल्या कामांच्या तुकड्यांतून माणसांचा गट बनतो की नुसते अपूर्णांक उरतात, हे त्या हिशेबात दिसत नाही. १९५२ मध्येही दिसले नव्हते.

प्रयोगाच्या गोष्टी बहुधा यशापाशी थांबतात. ही थांबत नाही. १९७० मध्ये टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर परत कॅलिकोत गेले. पन्नाशीच्या दशकात एकाहून अधिक विणखात्यांत गट सुरू झाले होते, त्यांचे पुढे काय झाले हे त्यांना पाहायचे होते. राइस नुकतेच, १९६९ मध्ये, वारले होते. मिलर यांना दोन वेगवेगळ्या गोष्टी सापडल्या. एका खात्यात इतक्या वर्षांनंतरही गट जवळजवळ जसेच्या तसे होते, कामगिरीही टिकून होती. कोणी परदेशी तज्ज्ञ त्यांच्यावर लक्ष ठेवून नव्हता. इतरत्र मात्र गट नावापुरते उरले होते किंवा तेही नव्हते. ज्याचे काम त्याचे, ही जुनी पद्धत हळूहळू परतली होती.

गटपद्धत मोडायची असे कोणी ठरवले नव्हते, तसा हुकूम कधी निघाला नव्हता. बाहेरचे जग बदलत गेले: बाजाराला निराळे, अधिक अवघड कापड हवे झाले, गटांवर बाहेरून येणारे धक्के वाढले. ते धक्के वेशीवर झेलण्याऐवजी वरची मंडळी अडचण आली की गटाच्या आत उतरू लागली. एकदा तातडी म्हणून, मग दुसऱ्यांदा, मग रोज. जे खाते टिकले तिथे बाहेरची परिस्थिती त्या मानाने स्थिर राहिली होती. म्हणजे तिथल्या पहारेकऱ्यांची खरी परीक्षा झालीच नाही, असेही म्हणता येईल. मिलर यांचा हा निबंध १९७५ मध्ये छापून आला. राइस यांच्या पुस्तकाइतका तो वाचला गेला नाही. गट उभे कसे करावेत हे विचारणारे पुष्कळ, ते सतरा वर्षांनी कुठे गेले हे विचारणारे थोडे.